शोचूच्या भट्टीतून व्हिस्की: कागोशिमाचे कोमासा आणि शेजारीपाजारी

मधली धार (धागाकर्ता)

जपानी व्हिस्कीचा विषय निघाला की गप्पा यामाझाकीपाशी सुरू होतात आणि बाटलीच्या किमतीपाशी संपतात. ताकेत्सुरू हा तंत्रज्ञ १९१८ साली स्कॉटलंडला शिकायला गेला, तोरीई या उद्योजकाने १९२३ मध्ये क्योतोच्या वेशीवर यामाझाकीचा कारखाना उभारायला घेतला, पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या, हे आता अनेकांना पाठ आहे. हा धागा त्या दोघांबद्दल नाही. मला बोलायचंय क्युशू बेटाच्या दक्षिण टोकाबद्दल. तिथे कागोशिमा प्रांतात पिढ्यान्‌पिढ्या रताळ्याची शोचू गाळणारी घराणी आहेत, आणि गेल्या आठ-दहा वर्षांत त्यातली बरीच एकामागून एक व्हिस्कीत उतरली आहेत.

ज्यांना ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साके आंबवून गाळून घेतात, भट्टीवर चढवत नाहीत. शोचू भट्टीवर चढते. त्यातली पारंपरिक, म्हणजे 'होंकाकु' शोचू एकदाच ऊर्ध्वपातन करून काढतात, आणि बाटलीत ती साधारण २५ टक्क्यांची असते. रताळं, तांदूळ, जव, काळी साखर, बऱ्याच गोष्टींची करतात. कागोशिमात मात्र रताळ्याचं राज्य.

आता कोमासा. 'कोमासा जोझो' हे घराणं १८८३ पासून हिओकी भागात शोचू करतंय. दुसऱ्या पिढीतल्या कोमासा कानोसुके यांच्या डोक्यात १९५० च्या सुमारास एक वेड शिरलं: शोचूला व्हिस्कीसारखा मान का नाही? त्या काळी शोचू म्हणजे मजुरांची स्वस्त दारू आणि व्हिस्की म्हणजे साहेबी पेय. त्यांनी तांदळाची शोचू ओकच्या पिंपात ठेवली आणि वर्षानुवर्षं मुरवली. १९५७ मध्ये ती 'मेलोड कोझुरू' या नावाने बाजारात आली. ओकमध्ये मुरवलेली तांदळाची शोचू जपानात तोवर कुणी विकली नव्हती.

इथे खरी गंमत आहे. पिंपात दारू ठेवली की तिला रंग चढणारच. पण जपानी मद्यकर कायद्याला गडद शोचू चालत नाही. रंग ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला तर तिला शोचू म्हणून विकता येत नाही. म्हणजे पिंपात हवी तितकी मुरवा, पण बाहेर काढताना फिकट करा: गाळणीतून रंग काढा, किंवा न मुरवलेली मिसळा. चांगल्या पिंपाने जे दिलं त्यातला मोठा वाटा बाटलीत जायच्या आधीच कमी करायचा.

कानोसुकेंच्या नातवाच्या पिढीने, म्हणजे चौथ्या पिढीतल्या कोमासा योशित्सुगु यांनी, २०१७ मध्ये फुकिआगे-हामा किनाऱ्यावर 'कानोसुके' नावाची व्हिस्की डिस्टिलरी सुरू केली. नाव आजोबांचं. २०२१ मध्ये पहिली सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीत, फक्त माल्टपासून म्हणजे मोड आणलेल्या जवापासून केलेली व्हिस्की) आली, आणि ती मुख्यतः कुठल्या पिंपात मुरली होती? मेलोड कोझुरू काढून झाल्यावर आतून पुन्हा जाळलेल्या अमेरिकन ओकच्या पिंपात. तांदळाच्या शोचूने वर्षानुवर्षं भिजलेलं असं लाकूड सहजासहजी विकत मिळत नाही.

म्हणून माझं मत असं की हे लोक व्हिस्कीची लाट आली म्हणून फळी घेऊन धावलेले नाहीत. पिंपाचं काम त्यांना आधीपासून येत होतं, फक्त त्याचा पूर्ण रंग दाखवायला व्हिस्कीचा परवाना लागत होता. मतभेद असतील तर मांडा.

निर्व्यसनी नाना

मी थेंबालाही शिवत नाही, पण लेख आवडला. एक भाबडा प्रश्न. जवाचीही शोचू होते म्हणता आणि व्हिस्कीही जवाचीच. दोन्ही भट्टीवरच्या. जवाची शोचू पिंपात ठेवली की ती व्हिस्की का नाही?

किण्वक

नाना, प्रश्न भाबडा नाही, सगळं भांडण तिथेच आहे.

धान्यात पिष्ट असतं, यीस्टला साखर लागते. पिष्टाची साखर कोणी करायची? स्कॉटलंडमध्ये जवाला मोड आणतात. मोड येताना दाण्यातच विकरं तयार होतात आणि ती पिष्ट फोडतात. आपण नाचणीला मोड आणून सत्त्व करतो त्यामागची रसायनं तीच. जपानात हे काम मोडाकडे न देता बुरशीकडे दिलं, ती कोजी. वाफवलेल्या तांदळावर किंवा जवावर ती वाढवतात आणि ती विकरं सोडते.

कागोशिमाचा मुद्दा पुढचा आहे. साकेसाठी पिवळी कोजी वापरतात, ती थंडीत छान. दक्षिणेच्या उकाड्यात तिच्यावर केलेलं आंबोण नासायचं. ओकिनावा बेटांवरच्या आवामोरी या तांदळाच्या दारूत काळी कोजी असते, ती भरपूर सायट्रिक आम्ल तयार करते आणि त्या आंबटपणात नको ते जिवाणू तग धरत नाहीत. कावाची गेनइचिरो नावाच्या अधिकाऱ्याने १९१० मध्ये ही काळी कोजी वेगळी काढून कागोशिमात आणली, आणि १९२४ मध्ये तिचाच एक पांढरा प्रकार शोधला. काळीने कपडे, भिंती, माणसं सगळं काळं व्हायचं, पांढरीने ती कटकट गेली. सायट्रिक आम्ल उडून जात नाही, त्यामुळे भट्टीतून निघालेल्या दारूत आंबटपणा येत नाही. निसर्गाने आयता दिलेला संरक्षक आहे हा.

आणखी एक. कोजीच्या आंबोणात पिष्टाची साखर होणं आणि साखरेचा अल्कोहोल होणं एकाच भांड्यात, एकाच वेळी चालतं. त्यामुळे शोचूचं आंबोण भट्टीवर जाण्याआधीच १४-१५ टक्क्यांपर्यंत पोचतं. व्हिस्कीचं साधारण ७ ते ९. म्हणून शोचूला एका फेरीत भागतं आणि माल्ट व्हिस्कीला दोन लागतात.

अबकारी

नोकरीच्या सवयीने कायद्याची बाजू मांडतो.

जपानी कायद्यात व्हिस्कीची साखर मोड आणलेल्या धान्याने व्हायला हवी. कोजीने केलेली जवाची दारू पिंपात तीस वर्षं ठेवली तरी जपानात तिच्यावर व्हिस्की लिहिता येत नाही. नाना, तुमच्या प्रश्नाचं हे सरकारी उत्तर.

धागाकर्त्यांनी रंगाबद्दल लिहिलं त्याचा आकडा असा: ४३० आणि ४८० नॅनोमीटर या दोन तरंगलांबींवर प्रकाशाचं शोषण मोजतात आणि ते ०.०८ च्या आत लागतं. काही उत्पादक यातून पळवाट काढतात. विरघळणारा तंतू घालून अर्काचं, म्हणजे दारूत विरघळलेल्या घन पदार्थांचं, प्रमाण वाढवतात, मग माल लिक्युअरच्या वर्गात जातो आणि रंगाची अट सुटते. उत्पादन शुल्क खातं कुठलंही असो, नियम आला की पळवाट जुळीच जन्मते!

आता विरोधाभास बघा. शोचूच्या रंगावर एवढी करडी नजर, आणि व्हिस्कीबाबत हाच कायदा कमालीचा ढिला. किती वर्षं मुरवायची याचं बंधन नाही. नव्वद टक्क्यांपर्यंत दुसरं अल्कोहोल मिसळलं तरी ती व्हिस्कीच. बाहेरून टँकरभर माल आणून जपानात बाटल्या भरल्या तरी चालत होतं, आणि कित्येक 'जपानी' व्हिस्क्या अशाच होत्या. म्हणून तिथल्या उत्पादक संघटनेने २०२१ मध्ये स्वतःची मानकं आणली: माल्ट वापरलेलाच हवा, पाणी जपानचं, आंबवणं आणि गाळणं जपानात, ७०० लिटरपर्यंतच्या लाकडी पिंपात जपानातच किमान तीन वर्षं, बाटली जपानात भरलेली, किमान ४० टक्के. १ एप्रिल २०२४ पासून ती पूर्ण लागू झाली. पण हा संघटनेचा नियम आहे, सभासद नसलेल्यावर बंधन नाही.

सोडा वेगळा

धाग्याला शुभेच्छा, पण मला हे सगळं फार गोड वाटतंय. आजोबांचं स्वप्न, समुद्रकिनारा, नातू! प्रत्येक नव्या डिस्टिलरीच्या खोक्यावर एक आजोबा छापलेला असतो.

साधा हिशोब बघा. शोचूची भरभराट २००३ च्या आसपास. त्या वर्षी तिची विक्री साकेच्या वर गेली, आणि काही वर्षांत उतरण लागली. तरुण पोरं शोचू पीत नाहीत. उलट जपानात व्हिस्कीचा खप १९८३ नंतर पंचवीस वर्षं घसरत होता, तो २००८-०९ च्या हायबॉलच्या (सोडा घातलेल्या व्हिस्कीच्या) जाहिरातबाजीनंतर उसळला आणि परदेशात बाटल्या वेड्या भावाने जाऊ लागल्या. मोजून तीन-चार वर्षं मुरलेल्या माल्टला बारा वर्षांच्या स्कॉचपेक्षा जास्त किंमत मिळते म्हटल्यावर कोण रताळी सोलत बसेल? कानोसुकेत २०२१ मध्ये दिआजिओ या बड्या ब्रिटिश मद्य कंपनीने पैसे घातले ते आजोबांच्या स्वप्नासाठी नक्कीच नाही.

मधली धार

सोडाभाऊ, पैशाचं कारण नाही असं मी कुठे म्हटलं? पण 'पैसा दिसला म्हणून आले' एवढ्याने होंबोंची गोष्ट समजत नाही.

'होंबो शुझो' हे कागोशिमाच्या त्सुनुकी गावचं घराणं, स्थापना १८७२, शोचू १९०९ पासून. त्यांनी व्हिस्कीचा परवाना घेतला १९४९ मध्ये, म्हणजे कानोसुकेंचं पिंप बाजारात यायच्याही आठ वर्षं आधी. त्यांचे सल्लागार इवाइ किइचिरो. ताकेत्सुरूला स्कॉटलंडला पाठवण्यात ज्यांचा हात होता आणि परत आल्यावर ज्यांच्याकडे त्याने आपला अहवाल दिला, ते हेच वरिष्ठ. तो अहवाल पुढे होंबोंच्या कामी आला. म्हणजे जपानी व्हिस्कीच्या मूळपुरुषाची टिपणं वाचून भट्टी उभारणाऱ्यांत एक शोचूवालाही होता.

१९८५ मध्ये त्यांनी नागानो प्रांतात मियादा गावी, समुद्रसपाटीपासून ७९८ मीटरवर, थंड हवा बघून कारखाना काढला. 'मार्स' व्हिस्की तिथली. १९९२ मध्ये भट्ट्या बंद. एकोणीस वर्षं बंद! २०११ मध्ये पुन्हा पेटवल्या, आणि २०१३ मध्ये बंद पडण्याआधीच्या जुन्या मालातून केलेल्या 'मार्स मॉल्टेज ३ प्लस २५' ला जगातल्या सर्वोत्तम ब्लेंडेड माल्टचा किताब मिळाला. २०१६ मध्ये त्यांनी मूळ गावी, त्सुनुकीला, दुसरी डिस्टिलरी काढली. याकुशिमा बेटावर पिंपं मुरवायला वेगळं कोठार आहे. एकाच कंपनीची पिंपं थंड डोंगरावर, गरम दरीत आणि दमट बेटावर.

अबकारी

होंबोंची भट्टी १९९२ मध्ये का विझली यावर दोन ओळी, कारण यात कराचा मोठा हात आहे आणि तो सहसा सांगितला जात नाही.

पूर्वी जपानात व्हिस्कीच्या प्रती होत्या, खालच्या प्रतीवर कर कमी. छोट्या स्थानिक कंपन्या त्या स्वस्त प्रतीवर जगायच्या. युरोपच्या तक्रारीनंतर १९८९ मध्ये प्रती रद्द झाल्या. उंची माल स्वस्त झाला, स्वस्त माल महाग झाला आणि छोट्यांचं कंबरडं मोडलं. त्यानंतर भांडण शोचूवर आलं. व्हिस्कीवर जबर कर आणि शोचूवर किरकोळ, हा परदेशी मालाशी भेदभाव आहे असा दावा युरोप, अमेरिका आणि कॅनडाने जागतिक व्यापार संघटनेत लावला आणि १९९६ मध्ये जिंकला. व्हिस्कीचा कर उतरला, शोचूचा चढला. शोचूवाल्यांच्या घरात व्हिस्की शिरण्याची वाट अशी सरकारी कागदांवरूनही गेली आहे.

शिवाय परवान्याची अटही बघा. साकेसाठी वर्षाला किमान ६० किलोलिटर उत्पादन दाखवावं लागतं, व्हिस्कीसाठी फक्त ६. छोट्या घराण्याला झेपेल असा उंबरठा आहे.

फुकुओकाकर

बरीच वर्षं क्युशूत राहतोय, त्यामुळे हा धागा माझ्यासाठीच काढला असं समजतो. :)

कानोसुकेला जाऊन आलोय. फुकिआगे-हामा ही सत्तेचाळीस किलोमीटर लांबीची वाळू आहे, पलीकडे पूर्व चीन समुद्र. आत गेल्यावर माझी नजर भट्ट्यांवर खिळली. बहुतेक छोट्या डिस्टिलऱ्या दोन तांब्याच्या भट्ट्यांवर भागवतात. इथे तीन आहेत, ६०००, ३००० आणि १६०० लिटरच्या, आणि तिघींच्या मानेचा आकार आणि नळीचा कोन वेगळा. दुसऱ्या फेरीसाठी यातली कुठली वापरायची हे आलटून-पालटून ठरवता येतं, म्हणजे एकाच आंबोणातून हलकी आणि जाड अशा दोन्ही धारा निघतात. वाफ थंड करायला जुन्या पद्धतीची, पाण्याच्या हौदात बुडवलेली वळणावळणांची नळी. तांब्याशी संपर्क कमी, म्हणून दारू अंगाने भरीव येते. वरच्या मजल्यावरच्या बारमधून समुद्र दिसतो, तिथे चव घ्यायला मिळते.

सोडा वेगळा यांच्या मुद्द्याला माझी थोडी पुस्ती. रताळं नाशवंत. शोचूचा हंगाम ऑगस्टअखेरीपासून डिसेंबरपर्यंत, रताळी निघतात तसा. उरलेल्या महिन्यांत कारागीर आणि भट्ट्या दोन्हींना काम कमी. जवाचा माल्ट बारा महिने मिळतो. त्यात २०१८ पासून कागोशिमाच्या रताळ्यांवर मूळकूज आली, झाडाचा बुंधाच सडतो. माल मिळेना म्हणून काही शोचूवाल्यांना ब्रँड तात्पुरते थांबवावे लागले. अशा वेळी दुसऱ्या धान्याचा आधार असलेला शहाणाच.

आणि पोरं शोचू पीत नाहीत हे तोक्योत खरं असेल. इथल्या कुठल्याही इझाकायात, म्हणजे गुत्त्यावजा खानावळीत, संध्याकाळी बघा, आधी पेल्यात गरम पाणी, त्यावर शोचू, सहा भाग शोचूला चार भाग पाणी. व्हिस्कीची भट्टी गावात आली म्हणून गावाने पेला बदललेला नाही.

कुंकळ्ळीकर

गोव्यातून नमस्कार. आमच्या कुंकळ्ळीत पॉल जॉनची माल्ट मुरते, म्हणून उष्ण हवेच्या मुद्द्यावर बोलायचा हक्क आहे. स्कॉटलंडात पिंपातून वर्षाला दोनेक टक्के उडून जातं, इथे आठ-दहा टक्के जातं म्हणतात. पण लाकूड कामही तितक्याच झपाट्याने करतं. तीन-चार वर्षांची कानोसुके महाग म्हणून हसणाऱ्यांनी कागोशिमाचा उन्हाळा लक्षात घ्यावा. वय बघून बाटली जोखणं ही थंड देशाची सवय आहे.

पण हेवा वाटला तो दुसऱ्याच गोष्टीचा. आमच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये राज्याने वारसा पेय म्हटलं. पण भाटी चालवणारं एखादं घराणं फेणी सांभाळून माल्टही काढतंय असं दृश्य दिसत नाही. जे माल्ट काढतात ते वेगळे, जे काजू मळतात ते वेगळे. आणि खरं सांगायचं तर मला फेणी लाकडात नकोच आहे. काचेच्या गर्राफांवात राहिलेली फेणीच फेणी. बोंडाचा वास ओकने झाकला तर उरलं काय?

अबकारी

कुंकळ्ळीकर, डहाणूकडे बघा. तिथल्या साउथ सीजने मोहाची दारू आणि सिंगल माल्ट दोन्ही बाजारात आणल्या आहेत. पण मोहाला १८९२ च्या मोहवा कायद्याने मुंबई इलाख्यात जे बदनाम केलं ते निस्तरायला अजून वेळ आहे. शोचूला सरकारने कर लावला, रंग मोजला, पण परवाना घेऊन गाळणाऱ्या घराण्यांना गुन्हेगार ठरवलं नाही. घराणी टिकली ती त्यामुळे.

किण्वक

कोजी व्हिस्कीचा मुद्दा अर्धवट राहिला म्हणून परत आलो. कोजीने व्हिस्की करण्याची कल्पना जपानबाहेर फार जुनी आहे. ताकामिने जोकिची, ज्यांनी पुढे अॅड्रिनॅलिन शुद्ध स्वरूपात वेगळं केलं, ते १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत इलिनॉयच्या पिओरियात कोजी घेऊन गेले होते. माल्टऐवजी बुरशीने व्हिस्कीचं आंबोण करायचं. खर्च वाचणार होता, माल्टवाले अर्थातच खवळले. कारखान्याला आग लागली, भागीदारी विस्कटली, प्रकल्प बारगळला. पण त्यातूनच 'ताका-डायस्टेस' हे पाचक औषध आलं आणि त्यावर ताकामिने श्रीमंत झाले.

आज फुकुओकाच्या शिनोझाकी घराण्याची पिंपात मुरलेली जवाची दारू अमेरिकेत 'ताकामिने' नावाने कोजी व्हिस्की म्हणून विकली जाते. कुमामोतोच्या फुकानो आणि ओइशी यांची तांदळाची तशीच. अमेरिकी नियमात धान्याची साखर कोणी केली याला महत्त्व नाही, धान्य आणि ओक पुरे. तोच द्रव, तेच पिंप, समुद्र ओलांडला की व्हिस्की.

सोडा वेगळा

म्हणजे धागाकर्त्यांचा सिद्धांत थोडा डळमळला की! पिंपातल्या शोचूला न्यायच द्यायचा होता तर कोमासांनीही तिला तशीच अमेरिकेला पाठवायची. माल्ट, तांब्याच्या भट्ट्या, एवढा खटाटोप कशाला?

मधली धार

चांगला टोला आहे, पण मला वाटतं उत्तर हिओकीत आहे. कोमासांनी माल्टवर न थांबता २०२० पासून आपल्या जुन्या शोचू कारखान्यातच धान्याची व्हिस्की काढायला सुरुवात केली. मोड न आणलेला जव, सोबत माल्ट, आणि शोचूसाठीच्या स्टेनलेसच्या भट्ट्यांत दोन फेऱ्या. २०२३ मध्ये ती 'हिओकी पॉट स्टिल' म्हणून आली, आणि किनाऱ्यावरच्या माल्टशी मिसळून 'डबल डिस्टिलरी' आली. जगात बहुतेक ठिकाणी ग्रेन व्हिस्की म्हणजे मोठ्या स्तंभातून अखंड वाहणारा जवळजवळ बेचव माल. यांच्याकडे स्तंभ नाही, शोचूची भट्टी आहे, म्हणून ग्रेनलाही चव आहे. हा फायदा अमेरिकेचा नियम वापरून मिळाला नसता.

तुमचं एक मात्र मान्य: सगळेच कोमासा किंवा होंबो नाहीत. जपानात आता शंभराहून अधिक व्हिस्की डिस्टिलऱ्या झाल्यात आणि त्यातल्या कित्येकांनी तीन वर्षं धीर धरायच्या आधीच जिन आणि न मुरलेली धार विकायला काढली. नव्यांपैकी मियाझाकीचे शोचूवाले कुरोकी होंतेन मला गंभीर वाटतात. आपल्या ओसुझुयामा डिस्टिलरीसाठी ते स्वतः जव पिकवतात, स्वतः मोड आणतात. 'तोमी नो होझान' शोचूवाल्या निशी शुझोची ओंताके डिस्टिलरी गोल्फ मैदानात आहे, आणि त्यावर तुम्ही जो विनोद करणार आहात तो मी आधीच मान्य करतो.

निर्व्यसनी नाना

वाचनखूण साठवली. मुलगा ओसाकात असतो, पुढच्या वर्षी कागोशिमाचा बेत आहे. ज्वालामुखी बघायला. कानोसुकेला मी न पिणाऱ्याने जाण्यात अर्थ आहे का? मुलगा गाडी चालवेल.

फुकुओकाकर

नाना, जरूर जा, वास फुकट असतो. पण मुलगा गाडी चालवणार असेल तर त्याला थेंबही मिळणार नाही. श्वासात लिटरमागे ०.१५ मिलिग्रॅमला कायदा लागू होतो आणि शेजारी बसलेल्यालाही शिक्षा होऊ शकते. त्यापेक्षा कागोशिमा-चुओहून लोकल धरून इजुइनला उतरा, तिथून टॅक्सी. किंवा गाडी तुम्ही चालवा, तुमच्याएवढा भरवशाचा चालक त्या वाहनतळावर दुसरा नसेल. फेरी आधी आरक्षित करावी लागते.